दारातला अ‍ॅप्रन

इंग्रजी ही महाचिक्कू भाषा आहे, असं मावशीचं पक्कं मत झालं ते एका अ‍ॅप्रनपायी. एक शब्द धरायचा, त्याला दहा घरी कामाला जुंपायचा, आणि कुठल्या घरी तो काय काम करतो ते आपलं आपण ओळखायचं! नवा शब्द काढायला यांच्या हाताला काय फोड येतात? पण हे मत व्हायच्या आधी मावशीची जी फजिती व्हायची होती ती होऊन गेली होती.

मावशी विमानांच्या सीटांच्या खोळी शिवायची. विमानतळाला लांबच लांब उंच भिंत होती आणि भिंतीबाहेर पत्र्याची शेड. शेडमध्ये शिलाई मशिनांची रांग, रांगेच्या टोकाला खिडकीशी मावशीचं मशीन. उसवलेल्या, डाग पडलेल्या, पोरांनी पेनं खुपसलेल्या खोळी आतून गाडीत बसून यायच्या, इथं दुरुस्त व्हायच्या आणि परत गाडीत बसून भिंतीपलीकडं जायच्या. खोळी जायच्या, मावशी कधी गेली नाही. तिच्या शिवणीवर बसून माणसं कुठल्या कुठं जाऊन आली, आणि ही बाई आजवर विमानाच्या पायरीवरसुद्धा चढली नव्हती. या मशीनवर तिनं पोरगा वाढवला, त्याचं लग्न लावलं, स्वतःचे गुडघे घालवले. आता तिची इच्छा म्हणाल तर एकच होती. आपली खोळ सीटवर चढल्यावर कशी दिसते, ते एकदा डोळ्यांनी बघायचं.

"टेबलावर पसरलेली खोळ म्हणजे नुसतं सोललेलं साल हो," ती म्हणायची. "कोपऱ्यावर बसते का, तिथं चुणी पडते का, हे शिवणारीनं बघायला नको?" हे ती सगळ्यांना सांगायची. तशी ती सगळ्यांना सगळंच सांगायची. जन्मभर मशीनच्या आवाजावर आवाज चढवून बोललेली बाई. घरी तिनं मीठ मागितलं तरी शेजारणीला वाटायचं आपल्याकडंच मागतेय.

एका सकाळी सुपरवायझर शेडच्या मधोमध उभा राहिला आणि त्यानं सांगितलं की ही शेड बंद होणार, शिवणविभाग भिंतीच्या आत, विमानं ठेवतात त्या हँगरमध्ये जाणार. मावशीच्या शेजारच्या दोन मशिनी अजून चालूच होत्या. तिच्या कानावर पडलं ते तुटक पडलं. "...अ‍ॅप्रन स्वच्छ पाहिजे! अ‍ॅप्रनवर टाचणी, बटण, धाग्याचा तुकडा, काही म्हणजे काही दिसता कामा नये. अ‍ॅप्रनवर एक टाचणी दिसली तर आपला विभाग पुन्हा बाहेर!"

मावशीनं खाली मान घालून स्वतःच्या अ‍ॅप्रनकडं बघितलं. छातीवर ही टाचण्यांची रांग, पोटावर धाग्यांचं जंगल, खिशाचा एक कोपरा लोंबतोय. शेजारीण तशीच, समोरची त्याहून अवतार. हा असला अ‍ॅप्रन घालून आत गेलो तर पहिल्या दिवशीच सगळ्यांना घरी बसवतील!

आता मावशी म्हणजे डोक्यात आलं की हातानं करून मोकळी होणारी. तिनं कोणाला विचारलं नाही, सवरलं नाही. खोळींच्या उरलेल्या निळ्या कापडातून तिनं विभागातल्या एकूण एक माणसासाठी नवा अ‍ॅप्रन शिवायला घेतला. रोज काम संपलं की थोडं, सुटीच्या दिवशी घरी थोडं. आणि नुसते साधे नव्हेत हं. पोटाशी झाकणाचा खिसा, खिशाच्या आत अस्तरात शिवलेला लोहचुंबकाचा तुकडा. टाचणी छातीवर खोचायची नाही, खिशात टाकायची. ती चुंबकाला चिकटून बसते, वाकलं तरी सांडत नाही. खिशाच्या दुसऱ्या कप्प्यात धाग्याचे तुकडे. एवढी अक्कल त्यात ओतून तिनं एक दिवस गाठोडं सोडलं आणि सगळ्यांच्या अंगावर एकेक अ‍ॅप्रन फेकला.

"घ्या! आता बघू कोणाला टाचणी दिसते ते!"

सुपरवायझर गोंधळला. "हे कशासाठी, मावशी?"

"तुम्हीच नाही का म्हणालात, अ‍ॅप्रन स्वच्छ पाहिजे म्हणून?"

कटरमास्तरांच्या नाकातून एक आवाज आला. कटरमास्तर म्हणजे कापड बेतून कापणारे म्हातारबुवा. कात्रीइतकीच धारदार जीभ. "अहो मावशी," ते टेबलाला धरून म्हणाले, "अ‍ॅप्रन म्हणजे ती बाहेरची फरशी! हँगरच्या दारातली! विमानं उभी करतात ती जागा! तिला तुम्ही नाड्या लावून पोटावर बांधलीत?" आणि मग शेडला जे हसू फुटलं ते थांबेचना. लोकांच्या मुरकुंड्या वळल्या. मावशीही हसली, कारण न हसून करते काय? पण तिचे कान लाल झाले होते. संध्याकाळपर्यंत तिचं नाव अ‍ॅप्रनमावशी पडलं. गाठोडं तिनं पुन्हा बांधलं आणि पायानं मशीनखाली ढकललं.

एवढ्यावर भागलं असतं तरी चाललं असतं. पण भिंतीच्या आत काम करायचं तर गळ्यात पास हवा, आणि पास हवा तर तोंडी परीक्षा. सेफ्टीवाले साहेब एकेकाला बोलावून विमानाचे शब्द विचारणार. उत्तर आपल्या भाषेत दिलं तरी चालेल, पण अर्थ बरोबर पाहिजे. खोळी शिवणाऱ्या बाईला हे सगळे शब्द कशाला हवेत, असं तुम्ही विचाराल. मावशीनंही विचारलं. सुपरवायझर म्हणाला, "आत सगळे हेच शब्द ओरडतात, मावशी. कोणी 'टॅक्सी' म्हणून ओरडलं आणि तुम्ही तिथंच उभ्या राहिलात, तर तुमचं काय होईल?" मावशीला मनात वाटलं, भाडं विचारीन, दुसरं काय! आणि जो पास होणार नाही, त्याचं काय? शेड तर बंद होणार. सुपरवायझरनं टेबलावरचा खडू उगाच इकडचा तिकडे ठेवला. त्यावरून सगळ्यांना कळलं.

मावशीची पाळी आली. साहेब तरुण होते, बोलायला गोड. त्यांनी अगदी सहज विचारलं, "अ‍ॅप्रन?"

झालं. मावशीच्या कानात ते शेडभर हसू पुन्हा वाजायला लागलं. फरशी हा शब्द डोक्यात होता, जिभेवर काही केल्या येईना. तिची नुसती ततपप झाली. साहेबांनी तो शब्द बाजूला ठेवला आणि पुढं विचारलं, "टॅक्सी?"

"भाड्याची गाडी."

"बँक?"

"पैसे ठेवतात ती."

"स्टॉल?"

"रस्त्यावरचं दुकान. छोटं." एव्हाना मावशीला समजलं होतं की आपली गाडी भलतीकडं चाललीय, पण थांबवायची कशी ते कळत नव्हतं. "हँगर?" साहेबांनी विचारलं, आणि जिथं तिला जन्म काढायचा होता त्या जागेबद्दल ती म्हणाली, "शर्ट अडकवतात तो."

साहेब हसले नाहीत. हसले असते तर बरं, मावशीनं दोन शब्द सुनावले तरी असते. ते म्हणाले, "मावशी, सगळे अर्थ बरोबर आहेत. पण भिंतीच्या बाहेरचे आहेत. पुढच्या आठवड्यात आणखी एकदा घेऊ या. मात्र तीच शेवटची."

त्या दिवशी मावशी घरी आली आणि बोललीच नाही. पोरगा बेकरीत कामाला होता. पहाटे उठायचं म्हणून लवकर जेवायला बसायचा. त्यानं आईकडं बघितलं, बायकोकडं बघितलं आणि म्हणाला, "आज दोन्हीकडं मिठाची गुळणी? मग मी रेडिओ लावू का?"

दोन्हीकडं म्हणाला, कारण सूनबाई मुळातच अबोल. ती विमानतळाच्या आत काम करायची. दोन्ही हातांत रंगीत पट्ट्या घेऊन विमानासमोर उभी राहायची आणि हातवारे करून त्याला बरोबर जागेवर आणून थांबवायची. कानांवर दिवसभर ते मोठाले हेडफोन, समोर इंजिनाची घरघर; तिथं बोलून उपयोग काय? घरी आली तरी तिचे कान गुंगलेले असायचे. मावशीला मात्र वाटायचं, पोरगी घमेंडी आहे. विमानं हलवणारी बाई, खोळी शिवणाऱ्या सासूशी कशाला बोलेल! म्हणून मावशीही तिच्याशी कामापुरतंच बोलायची, आणि शब्दांचं कोडं घरातल्या घरात सुटण्यासारखं असताना तिनं सुनेपुढं ते काढलंच नव्हतं. सुनेपुढं हात पसरायचे? छे!

"कुठल्या शब्दावर अडलं?" सूनबाईनं विचारलं.

मावशीनं मान वर केली. या घरात आल्यापासून पोरीनं आपणहून विचारलेला हा पहिलाच प्रश्न असावा. "तुला कोणी सांगितलं?"

"तिथं सगळ्यांना सगळं कळतं, आई."

"अ‍ॅप्रनवर अडलं!" मावशी कडाडली. "हसून घे तूही. सगळं जग हसलंय."

सूनबाई हसली नाही. तिनं हातातला घास खाली ठेवला. "मी नवी होते तेव्हा एकजण ओरडला, टॅक्सी आली, बाजूला हो. मी गेटकडं तोंड करून गाडी शोधत उभी. पाठीमागून विमान येत होतं. मला दंडाला धरून ओढलं."

"अगं बाई!" मावशी म्हणाली. आणि मग, "विमान? तुझ्या पाठीशी?"

"चालत येत होतं. जमिनीवर विमान स्वतःच्या जोरावर चालत जातं ना, त्याला टॅक्सी म्हणतात."

"मग चालणं म्हणायला काय झालं होतं मेल्यांना!" मावशीचा आवाज परत आला, आणि पोरगा हळूच रेडिओपासून बाजूला झाला.

तेव्हापासून त्या घराचा विमानतळ झाला. जेवणं आटोपली की सूनबाई खुर्च्या भिंतीला लावायची. दारापासून मोरीपर्यंतचा बोळ म्हणजे धावपट्टी. स्वयंपाकघराच्या दारातली फरशी म्हणजे अ‍ॅप्रन. "इथं विमान उभं राहतं, इथंच त्यात सामान चढतं, इंधन भरतात, माणसं चढतात. आणि इथं एक टाचणी जरी पडलेली असली ना, आई, तरी इंजिन ती ओढून घेतं. श्वासाबरोबर माशी जावी तशी. मग इंजिनाचं वाटोळं." मावशीनं ती फरशी त्या रात्री स्वतः पुसून काढली, दोनदा.

विमान अर्थातच मावशी. दोन्ही हात पसरून ती बोळातून यायची, आणि समोर सूनबाई हातात दोन लाटणी घेऊन उभी. घरात दुसरं लाटणं नव्हतं, ते पोरानं बेकरीतून आणलं. दोन्ही हात छातीपासून डोक्याकडं हलवले की सरळ पुढं ये. एक हात स्थिर आणि दुसरा हलता, की वळ. दोन्ही लाटणी डोक्यावर फुली मारून धरली की थांब. "एकदम वळवू नकोस, विमानाला गुडघेदुखी आहे," पोरगा बाजूनं ओरडायचा. टेबलाभोवती वळताना सूनबाई सासूचा एक खांदा खाली दाबायची आणि दुसरा वर उचलायची. "असं कलून वळायचं. ही बँक."

"आणि पैसे कुठं ठेवायचे?"

"पैसे सांडतील म्हणूनच घट्ट धरायचे."

अरे वा, पोरीला विनोद करता येतो! मावशीनं हे मनात नोंदवून ठेवलं.

ब्लॅक बॉक्स काळा नसतो, चांगला भडक नारिंगी असतो, हे ऐकल्यावर मावशीनं कपाळाला हात लावला. "आपल्याकडं कोणी नारिंगी पेटीला काळी म्हटलं तर त्याचे डोळे तपासतात," ती म्हणाली. पण सगळ्यात जास्त वेळ गेला तो स्टॉलवर. सूनबाईनं आपल्या हाताचा तळवा विमानासारखा आडवा धरला आणि त्याचं टोक हळूहळू वर उचललं. "विमानानं नाक वर केलं की ते चढतं. पण नाक फार वर केलं, नको तितकं, की पंखांखालची हवा धरून ठेवेनाशी होते. मग ते वर जायच्याऐवजी खाली पडायला लागतं. तो स्टॉल."

"मग करायचं काय?"

"नाक खाली घ्यायचं. आधी नाक खाली. मग हवा पुन्हा धरते."

मावशी सुनेच्या त्या आडव्या तळव्याकडं बघत राहिली. मग तिनं स्वतःच्या बोटानं त्याचं टोक हळूच खाली केलं. "एवढं सोपं असेल असं वाटलं नव्हतं," ती म्हणाली. "मी तुला घमेंडी समजत होते गं. नाक माझंच वर होतं."

"चहा ठेवू?" सूनबाईनं विचारलं, आणि मावशी म्हणाली, "ठेव. दोन कप."

शब्द असे एकेक करून तिच्या गळी उतरत होते. मग एकदा उतरण्याचाच विषय निघाला. लँडिंग म्हणजे जिन्याच्या मधली सपाट जागा, हे मावशीला ठाऊक होतं. विमानाचं लँडिंग म्हणजे उतरणं, हे सूनबाईनं सांगितलं. "बघा आई, आपलाही शब्द काही कमी नाही. विमान उतरतं, तापही उतरतो."

"ताप काय, चेहराही उतरतो!" मावशीला चेव आला. "कपड्याचा रंग उतरतो. राग उतरतो. माणूस मनातून उतरतो. वजन उतरतं... माझं नाही, लोकांचं." मग ती थबकली. आपणही एका शब्दाला दहा घरी कामाला लावलंय की! इंग्रजीवरचा तिचा राग त्या रात्री थोडासा उतरला.

तरी परीक्षेच्या आदल्या दिवशी तिला धीर धरवेना. "पुन्हा अडले तर? शेवटची आहे म्हणालेत."

"गो-अराउंड सांगितलं ना तुम्हाला?"

"फेरी मारून यायचं. ऑफिसात साहेब जागेवर नसला की आपण हेलपाटा घालतो, तसं."

"तसं नाही. विमान उतरायला आलं, पण वारा फिरला, नाहीतर पट्टीवर काही आडवं आलं, तर पायलट ओढूनताणून उतरवत नाही. परत वर नेतो, एक चक्कर मारतो आणि पुन्हा नीट उतरतो. त्याला कोणी नापास म्हणत नाही, आई. मी दर आठवड्याला बघते. दुसऱ्या खेपेला काय सुंदर उतरतात!" एवढं लांबलचक ती घरात कधी बोलली नव्हती. पोरगा झोपेतून उठून बघायला आला.

इकडं शेडमध्ये वेगळंच घडत होतं. जे पास झाले ते आधीच आत गेले होते, कटरमास्तर त्यांच्यात पहिले. आणि त्याच दिवशी दुपारी, मावशी एकटीच मशीनवर बसलेली असताना, कटरमास्तर तोंड लहान करून दारात आले. मान खाली. उगाच चष्मा पुसायला लागले.

"काय मास्तर, फरशीचा कंटाळा आला का?"

"मावशी, ते... तुमचं गाठोडं आहे का अजून?"

"कुठलं गाठोडं?" मावशीनं मुद्दाम विचारलं. त्यांच्या तोंडून ऐकल्याशिवाय ती सोडणार नव्हती.

"अ‍ॅप्रनचं हो," मास्तर कसेबसे म्हणाले. मग सगळं सांगितलं. हँगरच्या दाराबाहेर, थेट विमानं उभी राहतात तिथं, टाचणी सापडली होती. शिवणाऱ्यांच्याच अंगावरून पडलेली, दुसरी कुठून येणार? कदाचित त्यांच्याच छातीवरची. सेफ्टीवाले साहेब भडकले होते. पुन्हा एक सापडली तर विभाग बाहेर, आणि बाहेर शेड तर राहणार नाही. "तो चुंबकाचा खिसा... तेव्हा आम्ही हसलो खरं..."

मावशीला त्यांना आणखी थोडं शिजवता आलं असतं. मनात फार आलं होतं. पण तिनं पायानं गाठोडं पुढं सरकवलं. "तुमचा वरचाच आहे. नाड्या लांब ठेवल्यात, पोट सुटलंय तुमचं."

दुसऱ्या दिवशी परीक्षा हँगरमध्येच होती, कोपऱ्यातल्या काचेच्या खोलीत. मावशीनं आपला निळा अ‍ॅप्रन घातला होता. खिशात टाचण्या चुंबकाला बिलगून बसल्या होत्या. साहेबांनी तिच्याकडं बघितलं, मग काचेतून बाहेर बघितलं. तिथं अख्खा शिवणविभाग निळ्या अ‍ॅप्रनमध्ये मशिनींवर वाकला होता.

"अ‍ॅप्रन?" ते म्हणाले.

पुन्हा ते हसू मावशीच्या कानाशी आलं. पण या वेळी तिनं आधी नाक खाली घेतलं, एक श्वास सोडला. "कुठला सांगू, साहेब? पोटावरचा की दारातला?"

"दोन्ही सांगा."

"दारातला म्हणजे विमान उभं करायची फरशी. तिच्यावर टाचणी पडली तर इंजिनाचं वाटोळं. आणि तिच्यावर टाचणी पडू नये म्हणून हा पोटावरचा. पहिल्यांदा मला हा दुसराच ठाऊक होता."

साहेब आता हसले, मोकळं हसले. "टॅक्सी?" विमानाचं चालणं. "बँक?" मावशीनं खुर्चीतच खांदा कलवून दाखवला. "स्टॉल?" तिनं तळवा वर नेला, खाली आणला. बोलता बोलता तिचे हात चालत होते आणि शब्द हातांमागून येत होते. गो-अराउंड तिनं असं सांगितलं की साहेब लिहायचं थांबून ऐकत राहिले. मग त्यांनी विचारलं, "गॅली?"

"विमानातली गल्ली," मावशी ठासून म्हणाली. "सीटांच्या मधली."

"ते विमानातलं स्वयंपाकघर, मावशी."

तिचा चेहरा उतरला. संपलं! एवढं सगळं करून स्वयंपाकघरावर अडावं, तेही बाईमाणसानं? पण साहेब ड्रॉवर उघडून काहीतरी शोधत होते. त्यांनी एक पास काढला, त्याला निळी दोरी होती. "एक चुकला तर चालतो," ते म्हणाले. "मास्तरांचे दोन चुकले होते. सांगू नका त्यांना."

मावशीनं पास गळ्यात घातला. डोळ्यांत पाणी आलं तर आलं, तिनं ते अ‍ॅप्रनला पुसलं. त्यासाठी तरी पोटावरचाच बरा.

हँगरचं प्रचंड दार उघडं होतं आणि बाहेर ऊन पडलं होतं. एक विमान नुकतंच जागेवर येऊन थांबलं होतं, चाकांना ठोकळे लागले होते, इंजिनं निवत चालली होती. त्यात नव्या खोळी चढवायच्या होत्या. सुपरवायझर म्हणाला, "चला मावशी, पिवळ्या रेघेवरून. मी सांगेन तिथंच पाय टाका." पण त्याला सांगावं लागलं नाही. विमानाच्या नाकासमोर, कानांवर ते मोठाले हेडफोन, हातांत रंगीत पट्ट्या, सूनबाई उभी होती. तिनं सासूच्या गळ्यातली निळी दोरी बघितली. तिला काही ऐकू येण्यासारखं नव्हतंच. तिनं दोन्ही पट्ट्या छातीशी आणल्या आणि डोक्याकडं हलवल्या. सरळ पुढं ये.

मावशी निघाली. सुपरवायझर बघतोय, मास्तर बघताहेत, सामान चढवणारी माणसं बघताहेत, तरी तिनं हात थोडेसे पसरलेच. एक पट्टी स्थिर झाली, दुसरी हलली. मावशी खांदा कलवून वळली, गुडघा कुरकुरला, तिनं त्याला जुमानलं नाही. शिडीच्या पायथ्याशी ती पोचली आणि सूनबाईनं दोन्ही पट्ट्या डोक्यावर फुली मारून धरल्या. मावशी थांबली. इतका वेळ गंभीर राहिलेल्या त्या पोरीनं पट्ट्या हातांत तशाच धरून सासूला मिठी मारली, आणि हेडफोनमधून काही ऐकू येत नसताना मावशी तिच्याशी बोलत राहिली.

मग ती शिडी चढली. आत पहिल्याच रांगेत निळी खोळ चढवून झाली होती. मावशीनं कोपऱ्यावरून अंगठा फिरवला. चुणी नव्हती. उजवीकडं टाका किंचित तिरका गेला होता, तो तिला एकटीलाच दिसला. तिनं खिडकीची सीट धरली, पाठ टेकली, पट्टा बांधला, दोन्ही हात सीटच्या दांड्यांवर ठेवले. काचेतून खाली सूनबाई दिसत होती, आणि तिच्या पायांखाली स्वच्छ, लखलखीत, एकही टाचणी नसलेला अ‍ॅप्रन.

रांगांच्या रांगा चढवून झाल्या, माणसं खाली गेली, तरी मावशी जागची हलेना. शेवटी सुपरवायझरनं दारातून डोकं आत घातलं.

"मावशी, अहो काम आटपलं! उतरा आता!"

"कसोटीला उतरले ना आज?" मावशीनं डोळे न उघडता सांगितलं. "मग आता जरा बसू द्या."